पहिली सुरी कोणी लावायची

सुमेधाला राग येत नाही, असं बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या सगळ्या मराठी मंडळींचं ठाम मत होतं. गणपतीच्या आरतीला कोणी उशिरा येवो, कोणी तिचा डबा नेऊन परत न देवो, ती हसून सोडून द्यायची. खरी गोष्ट अशी होती की तिला राग भरपूर यायचा, तो काढायला वेळ नसायचा. सकाळी ट्रेन पकडून वाखनिंगनच्या विद्यापीठात जायचं, तिथे भोपळ्यांवर संशोधन करायचं, संध्याकाळी घरी येऊन पोळ्या लाटायच्या, यात माणूस रागावणार तरी कधी? त्या शनिवारी मात्र तिला सवड होती.

ऑक्टोबरची सुट्टी लागली होती आणि भोपळ्यांच्या शेतावर जायची टूम तिच्या नवऱ्यानं, विश्वासनं काढली होती. झुइडासमधल्या त्याच्या बँकेतले सगळे म्हणे पोरंबाळं घेऊन जातात. सासूबाई, म्हणजे मंजूषाबाई, नुकत्याच नगरहून नातवंडांकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी गाडीत बसल्याबसल्या विचारलं, "भोपळे बघायला एवढ्या लांब? सांगितलं असतंत तर मी मंडईतनं फोटो पाठवला असता." सगळे हसले. सुमेधा सगळ्यात जास्त हसली. सासूबाईंचं आणि तिचं बरं होतं. निदान त्या सकाळपर्यंत तिला तसं वाटत होतं.

शेतावर चिखल होता, वारा होता आणि गमबूट घातलेली पोरं प्रत्येकी एक हातगाडा ढकलत सैरावैरा पळत होती. पाच वर्षांच्या राजसनं मुठीएवढे चार भोपळे गोळा केले आणि चौघांनाही नावं दिली. त्याची बहीण भार्गवी आठ वर्षांची. तिनं शेताच्या पार टोकाला जाऊन असा एक भोपळ्याचा धोंडा निवडला, की तो तिच्यानं उचलेना. विश्वास मदतीला धावला तर म्हणाली, "नो बाबा, इट्स माइन!" शेवटी ओढत, लोळवत तिनं तो एकटीनंच गाड्यात घातला. आपली आई भोपळ्यांची बॉस आहे, असं तिनं वर्गात सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे लहानसहान भोपळा नेऊन चालणार नव्हतं. सुमेधा तिच्याकडे बघत उभी होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

गोठ्याच्या जागी केलेल्या मोठ्या शेडमध्ये लांबलचक टेबलं मांडली होती. तिथे बसून भोपळे कोरायचे. शेतमालकीणबाईंनी प्रत्येक टेबलावर एक मोठी सुरी ठेवली आणि डचमध्ये बजावलं, की वरची टोपी मोठ्यांनीच कापायची, मुलांनी फार तर हात लावायचा. सुमेधानं सुरी घेतली, भार्गवीची मूठ तिच्यावर ठेवली आणि वरून आपली मूठ धरली. भार्गवीनं झटका देऊन हात काढून घेतला.

"मी नाही कापणार."

"अगं, मी धरलीय ना. घाबरतेस काय?"

"राजसला कापू दे. ही इज अ बॉय."

सुमेधाला आधी हसूच आलं. "बॉय असला म्हणून काय? त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही."

भार्गवी हसली नाही. तिनं पलीकडच्या टोकाला नावं दिलेले भोपळे ओळीनं मांडत बसलेल्या राजसकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "गर्लनं पम्पकिन फोडलं की तिचा भाऊ मरतो. नाहीतर बेबी मरतं. तू कापलंस म्हणून तुझं बेबी मेलं ना? माझा दादा?"

दादा हा शब्द सुमेधानं घरात कधी उच्चारलेला नव्हता. भार्गवीच्या आधी एक मुलगा झाला होता, सहाव्या महिन्यात, आणि तो रडला नव्हता. हे भार्गवीला सांगायचं होतंच. कधी सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, तो किती सुंदर होता हे सांगायचं की नाही, याचा ती कित्येक वर्षं मनात घोळ घालत होती. थोडी मोठी होऊ दे, म्हणत होती. आणि आता तिच्या मुलीला तिचा भाऊ भेटला होता तो असा. आईनं मारलेला.

"कोणी सांगितलं तुला?" तिनं विचारलं, पण ती सासूबाईंकडेच बघत होती.

सासूबाई शाल सारखी करत म्हणाल्या, "अगं, तिनंच विचारलं. परवा डांगराची, म्हणजे भोपळ्याचीच भाजी करायची होती, तर ही सुरी घेऊन पुढे आली. म्हटलं, बाई गं, अख्ख्या डांगराला आपण पहिली सुरी लावत नाही. ते घरातल्या थोरल्या मुलासारखं असतं. पुरुषानं फोडायचं, मग बाईनं चिरायचं. तर का, का म्हणून पिच्छाच पुरवला तिनं."

"म्हणून तुम्ही तिला माझं बाळ दाखवलंत?"

"मी तुझं नाव घेतलं नाही हं. तिचा एक दादा होता, तो गेला, एवढंच सांगितलं. तिनं आपलं आपण जोडलं. हुशार आहे पोर."

"हुशार आहे पोर!" सुमेधा ओरडलीच. शेजारच्या टेबलावरच्या डच बाईनं मान वळवली. "आई, ती आठ वर्षांची आहे! ती दोन दिवस हे मनात घेऊन माझ्या कुशीत झोपतेय!"

"सुमेधा, हळू. लोक बघतायत," विश्वास म्हणाला.

"बघू देत. त्यांना मराठी येत नाही. ज्यांना येतं त्यांनी काय दिवे लावलेत ते दिसतंयच."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. बाळंतपणाला आल्या तेव्हा त्यांनी सुमेधाचे पाय चेपून दिले होते, रात्र रात्र भार्गवीला खांद्यावर घेऊन फिरल्या होत्या. आता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुला अकरा वर्षांत एका शब्दानं बोलले का? सांग. दुसरी कोणी असती तर तोंडावर बोलली असती. मी गिळलं."

सुमेधा त्या शब्दावर अडली. म्हणजे गिळण्यासारखं काहीतरी होतं. बाळ गेलं त्या आठवड्यात नगरहून फोन आला होता. रडून झाल्यावर सासूबाईंनी सहज विचारलं होतं, "तिकडे कॉलेजात काय काय काम करायचीस गं?" आणि तिनं भाबडेपणानं सगळं सांगितलं होतं: पीएचडीसाठी रोज भोपळे कापते, सालीची जाडी मोजते, बिया मोजते. त्यावर पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. रेंज गेली असेल, असं वाटून तिनं दोनदा हॅलो म्हटलं होतं.

"बोलला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मी उत्तर दिलं असतं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं होतं, वारेतून त्याला रक्त पोचत नव्हतं. तुम्ही काही केलं म्हणून नाही, काही केलं नाही म्हणूनही नाही, असं म्हणाले. शब्द न् शब्द पाठ आहे मला. पाठ केल्याशिवाय मला झोप लागत नव्हती."

"डॉक्टर सांगतात ते खरंच गं. पण आपलं आपण जपलेलं बरं. म्हणून तर मी विश्वासला तेव्हाच सांगून ठेवलं, घरात डांगर आलं की सुरी तू लाव, तिला लावू देऊ नकोस. तेवढं ऐकतो हो तो माझं."

सासूबाईंनी हे मुलाचं कौतुक म्हणून सांगितलं. सुमेधानं विश्वासकडे पाहिलं. तो टेबलाच्या लाकडावरचा डाग नखानं खरवडत होता.

घरात भोपळा आला की विश्वास स्वयंपाकघरात यायचा. एरवी गॅस कुठल्या बाजूला फिरवतात हे ज्याला सांगावं लागे, तो माणूस बाह्या सारून यायचा, "दे इकडे, कडक असतो तो, तुझं मनगट दुखेल." दिवसभर प्रयोगशाळेत तीस-तीस भोपळे कापून आलेल्या बायकोचं मनगट! तिला त्याचं हसू यायचं आणि गोडही वाटायचं. मैत्रिणींच्या घोळक्यात नवऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, की ती हाच किस्सा सांगायची. त्यांच्यातल्या प्रियानं तर त्यावरून आपल्या नवऱ्याला टोमणेसुद्धा मारले होते.

"कडक असतो म्हणून कापायचास ना?" सुमेधानं विचारलं.

"अगं..."

"हो का नाही, एवढंच सांग."

"हे बघ, माझा काही विश्वास बिश्वास नाहीये त्याच्यावर." विश्वास आवाज खाली आणून बोलत होता. बँकेत त्याचं कामच धोके मोजायचं होतं आणि बोलायला लागला की तो तिथलाच होऊन जायचा. "पुरावा काही नाही, मान्य. पण ऐकण्यात आपलं जातं काय? झीरो कॉस्ट. आईला बरं वाटतं. मग उगाच रिस्क कशाला?"

"कसली रिस्क?"

तो पुन्हा लाकडावरचा डाग खरवडायला लागला.

"कसली रिस्क, विश्वास? मी भोपळा कापला तर काय व्हायची रिस्क होती?"

"घरी जाऊन बोलू."

"घरी नाही. इथे."  तिनं सुरी टेबलावर ठेवली. सासूबाईंवरचा तिचा राग केव्हाच बाजूला पडला होता. त्या म्हाताऱ्या बाईनं निदान आपलं म्हणणं उघड सांगितलं होतं. हा माणूस दवाखान्यात तिच्या शेजारी बसला होता. डॉक्टरांचं बोलणं त्यानंही ऐकलं होतं, तिचा हात धरून ऐकलं होतं. आणि घरी येऊन तिच्या हातातली सुरी काढून घेतली होती. दर वेळी, न चुकता, प्रेमानं. "तुझ्या मुलीला वाटतंय की मी तिच्या भावाला मारलं. तिला सांग. माझ्याकडून ऐकून उपयोग नाही, मी तर आरोपी आहे. तू सांग."

भार्गवी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या ओठाला हॉट चॉकलेट लागलेलं होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

विश्वास गुडघ्यावर बसला. तिचे दोन्ही हात त्यानं हातात घेतले. "नाही बाळा. असं काही नसतं. दादा आजारी होता, पोटात असतानाच. मम्मामुळे काहीही झालं नाही. पम्पकिनचा आणि त्याचा काही संबंध नाही. कळलं?"

त्यानं छान सांगितलं.  सुमेधाचा राग निम्म्यावर आला, आणि इतक्या लवकर आला म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. भार्गवीनं मान हलवली. "मग मम्मा कापू शकते?"

"ऑफ कोर्स," विश्वास म्हणाला आणि उठून राजस होता त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

सुमेधानं लेकीला जवळ घेतलं. "तुझ्या दादाची बोटं लांब होती," ती म्हणाली. "तुझ्यासारखी. मी त्याला बराच वेळ मांडीवर घेतलं होतं. बाकीचं तुला हवं तेव्हा विचार, मी सगळं सांगेन. आजीला नाही, मला विचार." भार्गवीनं आपल्या बोटांकडे पाहिलं. सासूबाई पदरानं डोळे टिपत होत्या. राजस टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या सर्वांत छोट्या भोपळ्याला काहीतरी दटावत होता.

"बघ आता. घाबरायचं नाही," सुमेधा म्हणाली. तिनं सुरी उचलली, टोक देठाजवळ टेकवलं आणि तळवा मुठीवर ठेवला.

विश्वासचा हात पुढे आला. त्यानं राजसच्या खांद्याला धरलं, त्याला बाकावरून उतरवून मागे ओढलं आणि आपल्या मांडीशी घट्ट दाबून धरलं. सुरी पार या टोकाला होती. राजसपर्यंत ती फेकली असती तरी पोचली नसती.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. सुमेधानं पाहिलं. भार्गवीनंही पाहिलं, आधी तो हात आणि मग बाबाचं तोंड. विश्वासच्या लक्षात यायला वेळ लागला. आलं तेव्हा तो लाल झाला, पण हात तसाच राहिला.

"विश्वास," सुमेधा म्हणाली. ती ओरडली नाही. "तो हात काढ."

"अगं, सुरी आहे म्हणून..."

"हात काढ. मी थांबते."

ती थांबली. सुरी देठाशी टेकलेली, तळवा वर. शेडमध्ये पोरांचा कल्ला चालू होता, शेतमालकीणबाई कोणाला तरी कागदी रुमाल देत होत्या. राजस वळवळायला लागला.

"बाबा, सोड ना. दुखतंय."

"एक मिनिट, राजा," विश्वास म्हणाला.

भार्गवी अजून बाबाकडेच बघत होती. सुमेधानंही डोळे हलवले नाहीत. पुरेसा वेळ दिला त्याला तिनं, नंतर कोणी म्हणू नये दिला नाही म्हणून. हात सुटला नाही. मग त्याच्याकडे बघतच तिनं सगळा भार टाकून सुरी आत घातली.