माझ्या ताटलीवरचा डाग

मित्रांनो, जरा पुढे सरका, मागच्यांनाही बसायला जागा द्या. एका भावाची, एका बहिणीची आणि दोघांच्या मधे बसलेल्या माझी गोष्ट सांगतो. ऐकून मन भरेल, आणि वहीत एकही उष्मांक लिहावा लागणार नाही.

मी एक जुना वजनकाटा आहे. स्वयंपाकघरातला, चपट्या अंगाचा, डोक्यावर काचेची ताटली मिरवणारा. कारखान्यात माझ्यावर वजनं ठेवून ठेवून माझी परीक्षा घेतली. हा ग्रॅमभरही खोटं बोलत नाही, अशी खात्री पटली तेव्हाच मला खोक्यात बसवलं.

दुकानातून मला उचललं ते एका हसऱ्या मुलीने. हसरी होती, पण तिचं यकृत निकामी होत चाललं होतं. तिचा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. आपल्या यकृताचा तुकडा तिला द्यायला तो एका पायावर तयार होता. पण तपासणीत निघालं, त्याच्याच यकृतावर चरबी चढलेली. डॉक्टर म्हणाले, आधी ही उतरवा, मग बोलू. फार उशीर मात्र करू नका. आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला वही ठेवायला सांगितली. घास न घास लिहायचा. त्याचं वजन, त्यातले उष्मांक, प्रथिनं, कर्बोदकं, चरबी. सोबत आकड्यांचा एक तक्ताही दिला.

मला त्याच्या हातात ठेवत बहीण म्हणाली, "दादा, अंदाजाने खाऊ नकोस. लहानपणी तू खाऊचे दोन सारखे वाटे करायचास, तेव्हाच तुझा अंदाज कळलाय मला."

मित्रांनो, काय थाट होता माझा! घड्याळजीच तो. घड्याळात ओल शिरली की खेळ खलास, हे त्याच्या बोटांत मुरलेलं. त्यातून मी बहिणीची भेट. रोज तो मऊ फडक्याने मला पुसायचा, कडेची धूळ बारीक कुंचल्याने काढायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, आता काट्याला पाळण्यात घालायचं तेवढं राहिलंय. ओलं, गरम, चिकट असं काही त्याने मला कधी लागूच दिलं नाही. कोरडे तांदूळ, कोरडी डाळ मोजायची, वहीत लिहायची, मग स्वतःच्या छोट्या पातेल्यात शिजवायची. मी लखलखत होतो आणि मनातून थोडा फुगलोही होतो.

वही अगदी चोख होती. बेरजा पाहिल्या तर माणूस सुकून काटकी व्हायला हवा होता. पण त्याचं वजन हलेना. साखर सुटली, तळलेलं सुटलं, दुकानापर्यंत तो पायी जाऊ लागला. तरी पट्टा त्याच भोकात. वहिनीला संशय आला, दुकानात बसून हा चोरून काही तोंडात टाकतोय. तिने तसं विचारलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुढची तपासणी जवळ आली होती.

अशातच एका दुपारी बहीण आली. वही चाळता चाळता थबकली. तिथे लिहिलं होतं, भात दीडशे ग्रॅम. तिने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा भाताने काठोकाठ भरलेल्या पातेल्याकडे. मग एक रिकामं भांडं माझ्यावर ठेवलं, शून्याचं बटण दाबलं आणि भात ओतायला लागली.

"अगं, ओलं आहे ते!" घड्याळजी धावला.

मी आकडा दाखवला : चारशे वीस. घाईत तिच्या हातून टोमॅटो घातलेली डाळही माझ्यावर सांडली. तशीच ती फ्रिजकडे गेली. तक्ता तिथे घड्याळाच्या आकाराच्या चुंबकाने लावला होता. तिने चुंबक सरकवला. खाली ओळ होती : सर्व आकडे शिजवलेल्या अन्नाचे.

कोरडं मोजायचं आणि शिजलेल्याचे आकडे लावायचे! पोटात जात होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच वहीत उतरत होतं. मी खरं बोलत होतो, मित्रांनो. पण मला कोरडं जपण्याच्या नादात तो चुकला होता.

तो मटकन खाली बसला. "तुझा वेळ वाया घालवला गं मी."

"केसाएवढं चाक दिसतं तुला, आणि चुंबकाखालची ओळ दिसली नाही होय?" ती हसतच होती. "बिघाड सापडला की घड्याळ अर्धं दुरुस्त झालं, असं तूच म्हणतोस ना? मग ऊठ, वाढून घे."

त्या दिवसापासून माझे लाड संपले आणि माझं काम सुरू झालं. भांडं ठेवा, शून्य करा, शिजलेलं वाढा. तेलाची बाटली माझ्यावर ठेवून शून्य करायचं, कढईत ओतून परत ठेवायची. जेवढं उणं दिसेल तेवढं तेल. भात कमी झाला, प्रथिनांसाठी डाळ वाढली. पट्टा एक भोक आत गेला, मग आणखी एक. वहिनीने ही बातमी शेजारी जाऊन सांगितली. आणि तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, आता चालेल.

शस्त्रक्रिया पार पडली, आणि आज दोघंही ठणठणीत आहेत. ती आली की केकचे दोन तुकडे माझ्यावर ठेवून सारखे करून घेते, आणि वर भावाच्या तुकड्यातला घास पळवते. तो घास कुणाच्या वहीत लिहायचा, यावर त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

माझे आकडे आता पुसट झालेत. कडेला डाळीचा तांबूस डाग आहे. घड्याळजी तो मुद्दाम पुसत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तू जपा, पण इतक्याही जपू नका की त्या कामालाच मुकतील. आणि कधी वाढून घेताना काही सांडलं, तर रागावण्याआधी त्या हसऱ्या मुलीची आठवण काढा.