वेदीमागची फळी

जनार्दन पाटणकरांच्या पुस्तकात सुनेत्राचं नाव एकदाच होतं, शेवटच्या पानावर: ‘टायपिंगला मदत केल्याबद्दल आभार.’

पुस्तक एका चॅपलवर, म्हणजे छोट्या खासगी चर्चवर होतं. मॉन्ट्रियलपासून दोन तासांवर, तळ्याकाठी, एका स्कॉटिश लाकूड व्यापाऱ्यानं आपल्या उन्हाळी बंगल्याशेजारी घरच्यांपुरतं बांधलेलं. जेमतेम चाळीस माणसं बसतील एवढं. १९८८ आणि ८९चे उन्हाळे सुनेत्रानं तिथे शिडीवर काढले होते. खिडक्यांच्या टोकदार कमानी, छताची एकेक फासळी तिनं टेप लावून मोजली होती. पाटणकर प्राध्यापक, ती त्यांची कंत्राटी सहायक. १९९१ साली तिच्या वह्या आणि ड्रॉइंग्ज त्यांच्या नावानं छापून आली.

ती जाब विचारायला गेली, तर ते हसले. “अगं, चॅपल लोकांपुढे आलं ना? मग नाव कुणाचं का असेना.”

तिची मुलगी सलोनी तेव्हा पाच वर्षांची होती, पक्की नोकरी नव्हती. सुनेत्रा गप्प बसली. पण पुस्तक वाचताना एके ठिकाणी ती थांबली. छताविषयी तिनं वहीत पेन्सिलनं नुसता अंदाज लिहिला होता: ‘एडिनबरोच्या आर्किटेक्टचं काम?’ पाटणकरांनी त्यातलं प्रश्नचिन्ह तेवढं काढून टाकलं होतं.

पुढच्या वर्षी चॅपल गळायला लागलं. ओळखीच्या केअरटेकरनं तिलाच फोन केला. वेदीमागची भिजलेली फळी तिनं काढली, तर आत फासळीच्या बुडाशी अक्षरं कोरलेली होती: ‘एल्झेआर तिबोदो, जहाजाचा सुतार, लेव्ही, १८७१.’

म्हणून तर ते छत उलट्या घातलेल्या गलबतासारखं दिसत होतं! बांधणाराच लेव्ही बंदरातला गलबतं बांधणारा होता. एडिनबरोचा कुणीही तिथे फिरकला नव्हता. केअरटेकर खाली शिडी धरून उभा होता. सुनेत्रानं फोटो काढले, फळी परत बसवली आणि खाली येऊन सांगितलं, “कौलाखालून पाणी येतंय, बाकी काही नाही.”

पंचवीस वर्षं ती थांबली. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या. मराठी मंडळात पाटणकरांचा सत्कार झाला तेव्हा पहिल्या रांगेत बसून तिनं टाळ्या वाजवल्या. मनात म्हणत होती, चढा सर, अजून चढा.

२०१७ साली चॅपल सांभाळणाऱ्या ट्रस्टनं त्याची डागडुजी पूर्ण केली. दारावर पाटणकरांच्या मजकुराची ब्राँझची पाटी लागणार होती.

“आई, जस्ट ईमेल देम,” सलोनी म्हणाली.

“आधी पाटी ओतून होऊ दे.”

सप्टेंबरात समारंभ झाला. एकोणऐंशी वर्षांचे पाटणकर इंग्रजीत चाळीस मिनिटं बोलले. एडिनबरोवर तर दहा मिनिटं. मग सुनेत्रा उठली आणि तिनं फ्रेंचमध्ये विचारलं, वेदीमागच्या फळीआड कोरलेलं नाव कुणाचं? चाळीस वर्षं क्विबेकमध्ये राहून पाटणकर फ्रेंच शिकले नव्हते. ते नुसते हसत राहिले. बाकी सगळ्यांच्या माना मात्र वेदीकडे वळल्या होत्या. डागडुजीच्या सुताराला तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्यानं चार स्क्रू काढून फळी बाजूला केली आणि टॉर्च धरला.

कुणीतरी अक्षरं मोठ्यानं वाचली. पाटणकरांचं हसू हळूहळू गेलं. सुनेत्रा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यातला एक क्षणही तिला चुकवायचा नव्हता.

पार्किंगमध्ये त्यांनी तिला गाठलं.

“तुला आधी सांगता आलं असतं.”

“आलं असतं, सर.”

“माझी सगळी आयुष्यभराची...”

“माझी,” ती म्हणाली. “चूकसुद्धा माझीच होती. तुम्ही तीही नीट उचलली नाहीत.”

ते गाडीत जाऊन बसले, पण बराच वेळ गाडी सुरू झाली नाही. सुनेत्राला फार बरं वाटलं. इतकं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात ट्रस्टच्या कोलेत लाव्होआ धावत आल्या. तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “मादाम, हे तुम्हाला कधी सापडलं?”

“ब्याण्णव साली.”

कोलेतनी हात सोडले. २००३ साली लेव्हीहून एक म्हातारी आली होती, त्या म्हणाल्या. तिबोदोची नात. हे छत आजोबांनी बांधलं, असं घरात सांगत, म्हणून पुरावा शोधत होती. “मीच तिला पाटणकरांचं पुस्तक दाखवून परत पाठवलं. सहा वर्षांनी ती गेली.”

“तिच्या मागे कुणी आहे?” सुनेत्रानं विचारलं.

पाटी उतरली. नव्या पाटीवर तिबोदोचं नाव आलं, खाली संशोधक म्हणून सुनेत्राचं. पुस्तकाची नवी आवृत्ती प्रकाशकानं रद्द केली. पाटणकर मंडळात यायचे बंद झाले. त्याचं तिला कधीच वाईट वाटलं नाही, आणि वाटत असल्याचं तिनं दाखवलंही नाही.

पण त्या हिवाळ्यात तिनं लेव्हीला म्हातारीच्या मुलाला पत्र लिहिलं. ‘अलीकडेच सापडलं’ असं लिहिणं सोपं होतं. तिनं ब्याण्णवच लिहिलं, आणि आपण इतकी वर्षं गप्प का बसलो तेही. पत्र पोचल्याची पावती आली. उत्तर आलं नाही.