गोड धारेची नळी

आर्णीच्या बाजारात इकबालचं दुकान आहे. पूर्वी तो ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचा. आता नळ, व्हॉल्व्ह आणि गिझरच्या कॉइल विकतो. दिवाळीला पंधरा दिवस असताना तांड्यावरची उज्ज्वला त्याच्याकडे आली. तिचा बाप किसनसिंग इकबालचा जुना दोस्त. त्याच्या घरी दर दिवाळीला पितरांच्या नावानं मोहाची दारू गाळत. यंदा ते काम उज्ज्वलावर आलं होतं.

"चाचा, मागल्या साली चुलीवर वाफेनं पेट घेतला. करंटवर चालन असं काही द्या."

"मंग बादलीतला रॉड नको. आंबट रसात त्याचा मुलामा सुटते." इकबालनं तीन कॉइल पुढ्यात मांडल्या आणि मधली उचलली. "ही पुरी स्टीलची. वीस लिटरच्या पिंपाले दीड हजार वॅट बस झाली. जास्त घेतली तर रस करपते. फुलं गाळून घेजो. अन् कॉइल बुडूनच राह्यली पाहिजे, उघडी पडली का जळली. अर्थिंग करजो, नाही तं पितरं तुलेच भेटाले येतीन."

उज्ज्वला हसली. मग त्यानं जोड दाखवले. जस्ताचा मुलामा दिलेला बाजूला सारला, स्टीलचा ठेवला.

"आता वाफ थंड कराले नळी."

"ते घरचीच आहे." तिनं पिशवीतून वेटोळं काढलं. रेडिएटरच्या नळ्यांचे तुकडे जोडलेले, जोडाजोडावर शिसं वितळवून दिलेले डाख. अठरा वर्षांपूर्वी ते इकबालनंच दिले होते. "बा म्हणते, हेच पाह्यजे. याची धार गोड लागते, बाकीची फिकी."

"मंग सवता काहून नाही आला? शिव्या द्याले तरी यायचं."

"हात लटकला ना चाचा. सहा साल झाले, उजवा मनगटातून उठत नाही. आता डावाही ढिला पडून राह्यला. यवतमाळले दाखवलं, नस दबली म्हणे."

"दारूचं सांगितलं डॉक्टरले?"

"ते कायले सांगन?"

इकबालनं वेटोळं हातात घेऊन डाख पाहिले. शेजारच्या अफरोजचा हात असाच लटकला होता. तो बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा. डॉक्टरनं त्याचं रक्त तपासून सांगितलं, शिसं अंगात गेलं. अफरोज म्हणायचा, आंबवलेल्यात शिसं उतरलं की गोड लागतं.

नळी चोंदली म्हणून सांगितलं असतं, नवी दिली असती, तर उज्ज्वलानं घेतलीही असती. पण इकबालला तिच्या आईची, सुखीबाईची आठवण आली. पितरांना द्यायच्या आधीच तिनं पहिली धार पाहुण्याला दिली, म्हणून देवी कोपली आणि नवऱ्याचा हात गेला, असं साऱ्या तांड्यानं ठरवलं होतं. तेव्हापासून ती प्रायश्चित्त म्हणून अनवाणी फिरत होती. बाजारात भेटली की इकबाल तिच्या भाजलेल्या पायांकडे बघायचा. कारण त्यानं कधी विचारलं नव्हतं, ते दुसऱ्याच कुणी सांगितलं होतं.

त्यानं शटर ओढलं. "चाल. मीही येतो."

किसनसिंग अंगणात बाजेवर होता. इकबालनं नळी त्याच्यापुढे ठेवली आणि एकेका डाखावर बोट ठेवून सगळं सांगितलं.

किसनसिंगनं डाखांकडे बघितलं. "म्हणजे ते गोड..."

"शिसं होतं."

"तुले मालूम होतं?"

"तवा नव्हतं. अफरोजपासून मालूम आहे, दोन साल. पण तुह्या नळीचं ध्यानातच आलं नाही. उद्या यवतमाळले जाऊ, रक्त तपासू. डॉक्टरले सारं सांगू. ह्या नळीचा एक थेंब प्याचा नाही आता."

सुखीबाई दारात उभी होती. किसनसिंगनं तिच्याकडे न बघताच म्हटलं, "सुखे, चपला घाल."

"घालीन," ती म्हणाली. "पण तवा मले चार मानसाईत बोलला होता तू. आता खाटेवरून हळूच काहून सांगतं?"

किसनसिंगची मान खाली गेली. लटकलेला हात त्यानं दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर घेतला. मग उज्ज्वलाला म्हणाला, "जा, तांड्याच्या नाईकाले, पूनमसिंगले बोलाव. चार मानसं घेऊन ये म्हणा."

उज्ज्वला गेली. सुखीबाईनं इकबालला पाणी दिलं. अंधार पडायच्या आत त्याला आर्णी गाठायची होती, पण तो उठला नाही.

"मीही थांबतो," तो म्हणाला. "डाख माह्या हातचे आहेत."