सशांसाठी

भाजीवालीनं पुदिन्याच्या काड्या आणि कांद्याच्या पातीचे छाटलेले बुडखे पिशवीत कोंबले आणि विचारलं,

"काय म्हणतायत ससे, भाऊ?"

"मजेत आहेत," घड्याळवाला म्हणाला आणि नेहमीसारखा पिशवीतच बघत राहिला.

लोक फोनवर वेळ बघायला लागले आणि त्याच्या दुकानावरच बंद पडायची वेळ आली. तेव्हापासून घरातल्या एकुलत्या एका खिडकीच्या गजांना तेलाचे डबे, फुटकी बादली, कापलेल्या बाटल्या लटकत होत्या. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली की मुळं धरते, पातीचा बुडखा मातीत खोचला की पुन्हा हिरवा होतो. चहाचा चोथा खताला, तांदळाचं धुवण पाण्याला. पानामागे कीड आहे का ते तो डोळ्याला भिंग लावून बघायचा आणि कोवळी रोपं घड्याळाच्या चिमट्यानं उचलायचा. नवरा-बायकोच्या भाजीचं तेवढ्यात भागत होतं.

पण गाड्याखालच्या काड्या पहिल्यांदा उचलताना भाजीवालीनं "कशाला हो?" असं विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, "ससे पाळलेत." टाकलेलं उचलतो ते आमच्यासाठीच, हे कोणत्या तोंडानं सांगणार? मग एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागत गेला. एक पांढरा, एक करडा. करडा जरा खादाड. त्या करड्यासाठी ती कधीमधी एखादा मऊ पडलेला टोमॅटोही टाकायची. त्याच टोमॅटोच्या बियांची आता रोपं झाली होती, आणि त्यांच्याकडे बघताना घड्याळवाल्याला स्वतःची लाज वाटायची.

"संध्याकाळी नातीला घेऊन येते," भाजीवाली म्हणाली. "ससे ससे करून डोकं खाल्लंय तिनं. निळ्या खिडकीची खोली ना तुमची?"

"हो, पण ते फार बुजरे आहेत."

"लांबूनच बघू की!"

घरी आल्यावर बायकोला सांगायचा धीर झाला नाही. आजारी पडावं, दाराला कुलूप घालून बाहेर जावं, ससे मेले म्हणून सांगावं. मेले म्हणायला मात्र त्याची जीभ रेटेना. तेवढ्यात दार वाजलं आणि बायकोनंच ते उघडलं.

"ससे बघायला आलोय!" नात म्हणाली.

"ससे? आमच्याकडे?" बायको हसली. "अगं, इथं आम्हालाच पाय पसरायला जागा नाही."

"तो खादाड करडा कुठाय?"

घड्याळवाला खिडकीपाशी हातात चिमटा धरून उभा होता. जमीन दुभंगली असती तर तो आनंदानं आत गेला असता. भाजीवालीची नजर गजांवरून सावकाश फिरली. पुदिना, पात, टोमॅटोची पिवळी फुलं. मग शेगडीपाशी चिरून ठेवलेल्या पातीवर ती थांबली.

"झोपलेत गं ते," भाजीवाली नातीला म्हणाली. "मोठ्यानं बोलू नको. चल, परत कधीतरी येऊ."

बायको काही विचारणार होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं नुसती पुदिन्याची चार पानं मुलीच्या हातावर ठेवली.

त्यानंतर बरेच दिवस तो बाजाराकडे फिरकला नाही. शेवटी बायकोनंच पिशवी हातात दिली. गाडा टाळून पलीकडून जाताना हाक आलीच.

"अहो भाऊ!"

भाजीवालीनं गाड्याखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी काढली. मातीसकट पुदिना.

"मुळं छाटली नाहीत," दुसऱ्या गिऱ्हाइकाची भाजी तोलता तोलता ती म्हणाली. "सशांना मुळं आवडतात म्हणे."

घड्याळवाल्यानं जुडी पिशवीत ठेवली.

"करड्याला फार," तो म्हणाला. मान मात्र त्याला वर करता आली नाही.