भोकातनं गेला तर पॉइंट परत

मी व्हॉलीबॉलची जाळी बोलतेय. ती बातमी आली तेव्हा मी भोरच्या कडेला, मैदानावर दोन बांबूंमध्ये ताणलेली होते. अठ्ठ्याण्णव सालातली रोजच्यासारखी संध्याकाळ. कॉलेज सुटून पोरं जमली होती. अजहर सर्व्हिस टाकणार, एवढ्यात सायकलवरून एक जण सांगत आला, कापूरहोळजवळ टेम्पो उलटला. अजहरचा जिवलग दोस्त सम्राट त्यात होता. तो गेला.

मला विणलं होतं सम्राटनं आणि त्याच्या वडिलांनी, ज्ञानबांनी. भाटघर धरणात मासे धरायची जाळी विणून उरलेल्या नायलॉनच्या दोऱ्यानं. पुढं माझ्या मधोमध भोक पडलं. त्यातून बॉल गेला की भांडण.

"आऊट हाय."

"जाळी तुज्या बाची म्हणून व्हय?" अजहर विचारायचा.

"बाचीच हाय की," सम्राट हसायचा.

शेवटी ठरलं, भोकातनं गेला तर पॉइंट परत. "रविवारी शिवतो," सम्राट दर आठवड्याला म्हणायचा.

तो गेल्यावर अजहरनं खेळ सोडला, मग कॉलेज. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. घरात मी दिसले की त्याला आठवण येते, असं वाटून त्याच्या आईनं, गुलजारबींनी, मला परसात दोडक्याचा वेल चढवायला बांधलं. माया होती ती. माझ्यावर फुलं आली, घरात पोरगं वाळत गेलं.

एक दिवस ज्ञानबा आले आणि वेल सोडवू लागले.

"ज्ञानूभाऊ, फुलं आलीत. चार दिस थांबा."

"भाबी, दोडका बाजारात मिळतो." मग खिडकीकडे वळून म्हणाले, "अजहर, भाईर ये. बांबू म्या एकट्यानं रोवायचा व्हय?"

तो आला. दाढी वाढलेली. त्या दिवशी नुसता बांबू धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी ज्ञानबा सम्राटच्या जागी उभे राहून बॉल उचलून देऊ लागले. सगळे वाकडे.

"अवो चाचा, वर द्या की, वर," अजहर वैतागला. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज चढला होता. घामानं भिजून घरी गेला आणि आईकडे आणखी भाकरी मागितली. पुढच्या सोमवारी वह्या घेऊन कॉलेजला निघाला.

आता मी उन्हानं ठिसूळ झालेय. अजहर पुण्याहून सुट्टीला आला की मला बांधतो. पोरांनो, मन लागत नसेल त्या दिवशी तर नक्की येत जा. नुसता बांबू धरलात तरी चालेल.

ज्ञानबा कडेला बसतात. त्यांच्या खिशात दोरा असतो. भोक मात्र शिवायचं राहिलंय.