शोकेसमधला टीव्ही गेम

मित्रांनो, मला बघून 'अरेरे, बिचारा' म्हणायचं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. मी जुना आहे, पण चालू आहे. टीव्हीला वायर जोडा, माझ्या खाचेत कॅसेट बसवा, रिमोट हातात घ्या, आणि मग बोला. रिमोट म्हणजे बटणांची ती छोटी पट्टी. मोठ्या शहरात तिला काय म्हणतात ते त्यांचं त्यांना माहीत. आमच्या गंगाखेडात रिमोटच म्हणतात.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. उत्तरेकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेरून आलेले सुटे भाग जोडून मला उभं केलं. अस्सल मशीनची मी नक्कल. मला याची लाज वाटत नाही. अस्सल मशीन गंगाखेडच्या पोरांपर्यंत कधी आलंच नाही, मी आलो. माझ्यासोबत एक पिवळी कॅसेट होती. तिच्यावर छापलं होतं, आत नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ. धडधडीत खोटं. खेळ मोजकेच होते, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा घातलेले. पण एकाही पोरानं तक्रार केली नाही, कारण त्यातला रणगाड्यांचा खेळ इतका भारी होता की बाकीचे नसते तरी चाललं असतं.

मला बसवंतरावांनी आणलं. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत हळदीची पोती, तेलाचे डबे, आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर मी. खेड्यातून माल घ्यायला आलेली माणसं पुढं हिशेब करत बसायची, त्यांची लेकरं मागं माझ्यापुढं मांडी घालायची. हळदीनं पिवळी झालेली बोटं माझ्या बटणांवर पडायची. माझा रंग उन्हानं पिवळा पडला असं लोक म्हणतात. काही उन्हानं नाही. मी कामानं पिवळा झालोय.

बसवंतरावांचं घर शिवभक्त. त्यांच्या पत्नी महादेवी दर सोमवारी पूजा आटोपली की दुकानात यायच्या. तराजूला भस्माची तीन बोटं, गल्ल्याला तीन बोटं, आणि मग मलाही. काम करणाऱ्या प्रत्येक वस्तूचा त्या घरात असा मान होता. मी तेव्हा तराजूच्या रांगेत बसत होतो, मित्रांनो. ही लहानसहान गोष्ट नाही.

त्या खोलीत सगळ्यांत चांगलं कोण खेळायचं, ते आता सांगतो. बसवंतरावांची थोरली, शिवानी. रणगाड्यांच्या खेळात विटांच्या भिंतीआड आपला किल्ला असतो, शत्रू वरून येतात. दोघांनी मिळून किल्ला राखायचा. शिवानी एकटी दोघांचं काम करायची. तिचा धाकटा भाऊ पंकज शेजारी बसायचा आणि घाईघाईत स्वतःच्याच किल्ल्यावर गोळा टाकायचा.

"अरं पंक्या, तो आपला हाय," शिवानी म्हणायची.

"मला काय म्हाईत, तो मधी आला."

"किल्ला मधी आला व्हय? चालत आला का?"

पोरं पोट धरून हसायची. आणि मग एका दिवशी महादेवी आल्या, खोलीत भरलेल्या पोरांकडं बघितलं आणि लेकीला म्हणाल्या, "बास झालं आता. मोठी झालीस. पोरांच्या घोळक्यात बसायचं न्हाई."

"मग पंकज?"

"तो पोरगा हाय."

एवढंच. शिवानीनं रिमोट खाली ठेवला आणि उठून गेली. मला तोंड असतं तर मी महादेवींना तिथंच विचारलं असतं की बाई, बटण दाबणारी बोटं पोराची की पोरीची हे मला तरी आजवर कळलं नाही, तुम्हाला कसं कळलं? पण तोंड नव्हतं. त्या दिवसापासून खोलीत रणगाड्यांच्या खेळाला रंगत राहिली नाही. किल्ला पंकजच्या हातात, म्हणजे समजून घ्या.

पुढं मोबाइल आले. पोरं आपापल्या कोपऱ्यात मान खाली घालून बसायला लागली. मला खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. उंदरांनी एक वायर कुरतडली. माझं वय वाढलं नाही तिथं, नुसता वेळ गेला.

मग पंकज मोठा झाला, दुकान त्याच्याकडं आलं, आणि त्याला शौक लागला जुन्या गेमचा. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यानं एक काळं मशीन आणलं. पूर्णा जंक्शनच्या एका रेल्वेवाल्याच्या क्वार्टरमधून जाड पाठीचा टीव्ही उचलून आणला. हातात धरून विटा रचायचे गेम, पाण्यात रिंगा टाकायचे गेम, कुठून कुठून जमवले. माळ्यावरून मला काढलं, वायर बदलली, अंग पुसलं. पोराचा हात चांगला आहे, हे कबूल. बाहेरच्या खोलीत त्यानं काचेचं कपाट करून घेतलं, आत निळे दिवे लावले आणि मला मधोमध बसवलं. खाली पाटी: 'गंगाखेडचा पहिला टीव्ही गेम. विक्रमवीर: पंकज'. आणि कपाटाला कुलूप.

विक्रमवीर. वीज गेली की माझ्या पोटातले सगळे आकडे पुसले जातात, म्हणून हा गडी निर्धास्त होता.

लोक यायचे, काचेला नाक लावायचे, "लय भारी कलेक्शन हाय," म्हणायचे, फोटो काढून जायचे. मला कुणी चालू केलं नाही. मी विचारतो, मित्रांनो, भाकरी करून नुसती दिव्याखाली मांडून ठेवली, तर तिचं कौतुक झालं म्हणायचं की अपमान?

या दसऱ्यासाठी शिवानी दोन दिवस आधीच माहेरी आली. आता ती सोनपेठच्या शाळेत शिकवते. चहा प्यायच्या आधी ती कपाटापुढं उभी राहिली. पाटी वाचली. हसली.

"पंकज, किल्ली दे."

"कशाला?"

"खेळायचंय."

"अक्का, ते खेळायला न्हाई. जपायला हाय. जुनं मशीन, एकदा गेलं की गेलं."

"तू लावून बघितलंस का कधी?"

पंकजनं मोबाइलकडं बघितलं. "गरजच काय त्याची? लोकांना बघायलाच आवडतं."

"मला बघायला न्हाई आवडत. आधी आईनं उठवलं, आता तू काच लावलीस. माझी पाळी कधी येणार रे?"

ती मस्करीत बोलली, पण तिचा हात काचेवर तसाच राहिला. मी आतून तो हात बघितला. बोटं तीच होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं या दिवशी हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा असते. तराजू, मिक्सर, शिलाई मशीन सगळी पाटावर, मोटारसायकल दारात. पंकजनं मित्र नागेशला व्हिडिओ काढायला बोलावलं होतं. सकाळी सकाळी त्यानं मला कपाटातून काढलं, मधल्या पाटावर ठेवलं, आणि व्हिडिओत उठून दिसावं म्हणून ओल्या भस्माचे तीन जाडजूड पट्टे ओढले. कुठं ओढले? थेट कॅसेटच्या खाचेवर. पाण्यासकट. मी ओरडलो असतो.

महादेवी आरतीचं ताट घेऊन आल्या. मला बघितलं आणि थांबल्या.

"हे पाटावर कशाला?"

"आई, यंत्रच हाय की."

"यंत्र हाय, पण काम कुठं करतंय? वर्षभर काचेत निजलंय. आज कामावरच्यांची पूजा असती, पाहुण्यांची न्हाई."

नागेश मोबाइलमागून हसला. "काकू, हे पॉइंटचं बोललात."

बसवंतराव पाटाशी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "चालू करून दाखव, पंकज. चाललं तर राहू दे पाटावर. न्हाई चाललं तर भंगारवाला येईलच दिवाळीला. दिवे लावून प्रेत किती दिवस ठेवायचं घरात?"

आता सगळं स्पष्ट होतं. आज बोललो तर राहिलो. नाही तर तराजूच्या रांगेतून थेट भंगाराच्या हातगाड्यावर.

पंकज जागचा हलेना. शिवानीनं पिवळी कॅसेट उचलली, मला जाड टीव्हीला जोडलं, कॅसेट खाचेत बसवली आणि बटण सरकवलं. पडद्यावर रंगीबेरंगी चौकटी नाचल्या. खरखर आली. मग नुसता करडा पडदा. तिनं बंद करून पुन्हा लावलं. करडाच.

"झालं समाधान?" पंकज ताडकन बोलला. "म्हणलं होतं हात लावू नको. इतकी वर्षं नीट ठेवलेलं, तू आलीस अन् घालवलंस."

शिवानीचा चेहरा लहानपणी रिमोट ठेवून उठली होती तसा झाला, आणि ती उठायलाच लागली होती. तेवढ्यात महादेवींनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बस गं. हिकडं दे ती कॅसेट."

त्यांनी कॅसेट बाहेर ओढली, उजेडात धरली. कॅसेटच्या पितळी दातांवर पांढरा चिखल माखला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन चोळला. ज्या बाईनं जन्मभर भस्म लावलं तिला ते ओळखायला चष्मा लागत नाही.

"भस्म हाय हे," त्या म्हणाल्या. "पंकज, तू ओलं भस्म त्याच्या तोंडात घातलंस. आन् आधीचं वाळलेलं असंल ते माझं. सोमवारी मीच तिथं बोटं ओढायची. पोरीनं काय केलं यात? मशीनला आपल्या भक्तीनं खोकला लागलाय."

"मग व्हिडिओत घेऊ का हे?" नागेशनं विचारलं.

"तू गप," पंकज म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता. तो उठून पेचकस घेऊन आला. "अक्का, बॅटरी धर."

त्यानं माझे स्क्रू काढले. शिवानीनं बॅटरीचा उजेड पाडला. बसवंतरावांच्या इन्सुलिनच्या पेटीतलं स्पिरिट आणि एक जुना टूथब्रश, बास, एवढ्यावर माझी खाच साफ झाली. पांढरा थर निघाला, त्याखाली पिवळा निघाला. हळद. बसवंतरावांनी बोट लावून वास घेतला.

"आपल्याच दुकानातली हाय," ते म्हणाले. "माल चांगला होता."

सगळं कोरडं होईपर्यंत आरती थांबली. त्या घरात आरती कुणासाठी थांबल्याचं मी याआधी बघितलेलं नाही. मग कॅसेट बसली, बटण सरकलं, आणि मी बोललो. तो टिंग टिंग आवाज असा निघाला की दारातली शेजारची लेकरं आत आली. त्यात दोन पोरी होत्या. त्यांना कुणी बाहेर घालवलं नाही. महादेवी ताट धरून उभ्या होत्या, त्यांनी स्वतःच अंग चोरून वाट दिली.

शिवानीनं एक रिमोट घेतला, दुसरा पंकजकडं टाकला.

"बस, विक्रमवीर."

पहिला रणगाडा शिवानीनं गमावला. बोटं आखडली होती. दुसऱ्यात ती सावरली. तिसऱ्या फेरीत ती पुन्हा तीच होती, मागच्या खोलीतली, एकटीनं दोन्ही बाजू सांभाळणारी. पंकज वर शत्रूकडं निघाला, वळला, घाबरला आणि नेम धरून गोळा टाकला. विटा फुटल्या. किल्ला गेला. आपलाच.

मग बसवंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"नागेश, तेवढा तुकडा काप," पंकज म्हणाला.

"कापतो कशाला? व्हिडिओत तेवढंच तर बघण्यासारखं हाय."

पंकजही हसला मग. महादेवींनी मला ओवाळलं. कुंकू लावलं ते माझ्या पायाशी, खाचेपासून लांब. आणि ताट शिवानीच्या हातात देत म्हणाल्या, "तू पण ओवाळ. तुझ्याच हातानं चालू झालंय."

शिवानी म्हणाली, "एक डाव होऊ दे की आई. किल्ला पंक्यानं घालवला, मी कुठं हरलेय."

"खेळ मग," महादेवी म्हणाल्या, आणि पदर खोचून तिच्या शेजारी बसल्या. "पण मला सांग, त्यातला आपला कोणता?"

आता ऐका, मित्रांनो, कारण मी गोड बोलून तुम्हाला काही शिकवणार नाही. जुन्या वस्तू जमवा, बिनधास्त जमवा. पण जमवून कुलूप लावणार असाल तर आम्हाला माळ्यावरच राहू द्या, तिथं निदान फोटो काढायला कुणी येत नाही. आमच्या खाचेत फुंकर मारू नका, पाणी घालू नका, भक्ती तर मुळीच ओतू नका. कोरड्या हातानं धरा, वायर ओढून काढू नका, आणि आम्हाला वापरा. वापरताना एखादं बटण गेलं तर गेलं, ते कामावर गेलं. आणि पोरींना उठवून पोरांना बसवायचा नियम ज्या घरात असेल, त्या घरात मला नेऊ नका. मी तिथं चालणार नाही. मुद्दाम चालणार नाही.

बाकी मी ठणठणीत आहे. कपाटाचं दार काढलंय, दर रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत गर्दी असते. तुम्हीही या. चप्पल बाहेर काढा, हात पुसा, आणि टीव्हीच्या पुढून जरा बाजूला सरका. मागं बसलेल्यांना दिसत नाही.