खंडेनवमीचे गुटके

खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्या गॅरेजचा नियम. तो माझ्या बापाने घातलेला, आणि मोडला मी. वर हुशारीही केली, की स्वतःचे पाने पूजेतच ठेवले आणि सुदेशच्या जीपमधले पाने काढून काम सुरू केलं. देवाला काय कळतंय!

सुदेश कोपरीचा. जुनी फोर-बाय-फोर जीप घेऊन डोंगर चढायचे, हा त्याचा रिकामटेकडा छंद. जीप दोन दिवसांपासून टिटवाळ्याला माझ्या दारात, चढावर तोंड करून उभी होती. गिअरबॉक्समधून मागची चाकं फिरवतो त्या शाफ्टचा सांधा गेला होता. सकाळी त्याचा फोन. "दौलतकाका, दुपारी निघायचंय हो, प्लीज!" नाही म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही.

आमची ही पूजा आटोपून जीपमागे, उताराच्या बाजूला, पाटावर बसून रांगोळी काढत होती. पाठ जीपकडे. प्रत्येक चाकाखाली तिने लिंबू ठेवलं होतं.

हँडब्रेक ओढलेला होताच, मी पहिला गिअर टाकला आणि खाली शिरलो. चार बोल्ट. शेवटचा सुटला, शाफ्ट माझ्या कुशीत उतरला आणि जीप टक् करून चार बोटं मागे सरकली.

थांबली. मागचं चाक पेव्हर ब्लॉकच्या खळग्यात बसलं होतं.

हँडब्रेकची वायर ढिली असणार, मी म्हटलं. शाफ्ट तिथेच ठेवून सरपटत बाहेर आलो, दांडा आणखी दोन खटके ओढला. घट्ट, अगदी हात दुखेपर्यंत घट्ट. तरी बोनेटवर हात टेकला तर जीप पाळण्यासारखी हलली. गिअर पाहिला, पहिलाच. मग मेली हलते कशी? काल संध्याकाळी हाच ब्रेक ह्याच चढावर धरत होता. मला राग आला, आणि राग आला की माझी अक्कल चरायला जाते. वायर बघायला मी पुन्हा खाली शिरलो.

वायर ठणठणीत होती. ती गिअरबॉक्सच्या मागच्या गोल डब्याला जात होती आणि डबा ब्रेकने घट्ट धरला होता. त्या डब्याला काल शाफ्ट जोडलेला होता. आज तो माझ्या शेजारी जमिनीवर.

तेव्हा आठवलं. ह्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच, तो शाफ्टला धरतो. शाफ्ट काढला की ब्रेक ओढा नाहीतर दांडा मोडा, चाकं मोकळी. गिअरही तसाच कुचकामी. तिशीत हे मला पाठ होतं. हल्लीच्या गाड्यांनी ते विसरायला लावलं.

पण चाकांमागे गुटके होते ना! सागवानाचे ठोकळे, परवा मीच ठोकले होते. मान वळवून पाहिलं. गुटक्यांच्या जागी लिंबू.

गुटके पूजेत होते. हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. "एकही हत्यार बाहेर राहता कामा नये," असं पहाटे तिला मीच खेकसून सांगितलं होतं.

टायरच्या पलीकडे तिची पाठ दिसत होती. सहा फुटांवर. बोटांतून पांढरी रेघ सुटत होती.

"अगं, ऊठ तिथून."

"थांबा हो, कमळ अर्धं राहिलंय."

"अगं, ऊठ!"

"सणाच्या दिवशी तरी ओरडू नका."

एकतीस वर्षं मी रोज ओरडतोय. तिला काय फरक कळणार? मी घाबरलोय हे ओरडून सांगायचं मला येत नव्हतं. खळग्यातलं चाक करकरलं.

"सुमती."

लग्नात उखाणा घेतला, त्यानंतर हे नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ती ताडकन उठली.

"काय झालं?"

"भिंतीकडे हो. आधी हो."

ती झाली. मी अंग बाजूने बाहेर ओढलं, पाय ओढले. बाहेर येताना खांदा जीपच्या पायरीला लागला, बस्स तेवढंच निमित्त. लिंबू फट्कन फुटलं. जीप कमळावरून, पाटावरून गेली आणि समोरच्या नव्या बिल्डिंगच्या वाळूच्या ढिगात जाऊन रुतली.

पाटाचे दोन तुकडे झाले होते. ती त्यांच्याकडे बघत उभी होती, मुठीत रांगोळी तशीच.

मग आत गेली आणि झेंडूसकट दोन्ही गुटके घेऊन आली. "ह्यांच्यामुळे?"

माझ्यामुळे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. छप्पन वर्षांचा माणूस, रस्त्यावर बसून रडलो. तिने पदराने माझ्या कपाळावरचं ग्रीस पुसलं.

"अहो, एक ऐका," ती म्हणाली. "इथून पुढे मला अगंच म्हणा. ते नाव ऐकलं नि काळजाचं पाणी झालं माझ्या."